पुढचा क्लब बंद करण्याआधी आम्हाला विचारा : फुटबॉल महासंघाला एका पुणेकर पाठीराख्याचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली

आणि पुण्यात पुन्हा कधी फुटबॉल क्लब काढायच्या विचारात असलेल्या सर्वांना,

स. न. वि. वि.

२०२५ मध्ये हैदराबाद एफसी दिल्लीला हलवला गेला आणि त्याचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली असं नामकरण झालं. ती बातमी आली त्या रात्री पुण्यातल्या आम्हा काही जणांचे फोन उशिरापर्यंत वाजत राहिले. कारण इंडियन सुपर लीगमधली ती जागा मुळात पुण्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ लीगमध्ये आला. त्याच महिन्यात दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. सहा वर्षांत एक जागा पुण्याहून हैदराबादला आणि हैदराबादहून दिल्लीला गेली. दिल्लीचा संघ एकदा काढून नेला होता, तिला दुसऱ्या शहराचा संघ काढून दिला. या तिन्ही शहरांत तिकीट काढून येणारी, घसा बसेपर्यंत ओरडणारी माणसं होती. त्यांना एका शब्दाने विचारावं असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं.

आजही लिहिलेलं नाही. म्हणून हे पत्र.

मी पुण्यात वाढलो. फुटबॉल पाहायला शिकलो ते एसएसपीएमएसच्या मैदानाच्या कडेला उभं राहून. जिल्हा संघटनेच्या लीगचे सामने तिथे व्हायचे, ढोबरवाडीला व्हायचे. लष्करी पथकांचे संघ, रेल्वेचा संघ, कॅम्पातली पोरं, एखादा पेठेतला संघ. आम्ही कुणाचेच नव्हतो, चांगला खेळेल त्याचे होतो. देशपातळीवर खेळणारा आपला म्हणावा असा संघ शहराला मिळाला तो २००७ मध्ये, पुणे एफसीच्या रूपाने. हा क्लब २००९-१० मध्ये आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगच्या, आपल्या पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१२-१३ मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. २०१४ मध्ये एएफसी चषकात आशियातल्या क्लबांशी खेळला. २०१४-१५ च्या हंगामानंतर त्याचा वरिष्ठ संघ आय-लीगमध्ये पुन्हा उतरलाच नाही. त्याच हंगामात पुण्याचाच भारत एफसी आय-लीगमध्ये आला होता, तो एक हंगाम खेळून गेला. डीएसके शिवाजीयन्स २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम खेळला. एफसी पुणे सिटी सुपर लीगमध्ये पाच. २०१५ ते २०१९ या काळात एकाच शहरातले चार क्लब बंद पडले, आणि आज देशातल्या वरच्या दोन स्तरांत पुण्याचा एकही संघ नाही.

हे दुखणं फक्त पुण्याचं असतं तर मी महासंघाला पत्र लिहिलं नसतं. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये आय-लीगच्या आधीची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. त्या आधी फेडरेशन चषकही जिंकला होता. २०१० मध्ये तो क्लब बंद झाला. मुंबई एफसी दहा वर्षं कूपरेजवर आणि बाहेरही तग धरून खेळला. आज भारतीय संघाचे प्रशिक्षक असलेले खालिद जमील तिथे वर्षानुवर्षं प्रशिक्षक होते आणि दर हंगामात तो संघ पदावनतीतून, म्हणजे खालच्या स्तरावर ढकललं जाण्यातून, वाचवायचे. २०१७ मध्ये संघ खाली घसरला आणि पुन्हा दिसला नाही. पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी २०११ मध्ये गेला. हा तर पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता. म्हणजे चॅम्पियन असणं हीसुद्धा टिकण्याची हमी नाही.

मला इथे कुणा मालकावर आरोप करायचे नाहीत. क्लब चालवायला कोट्यवधी रुपये लागतात आणि भारतात त्यातले फारच थोडे परत येतात, हे आम्हालाही दिसतं. तोटा सहन होईना म्हणून एखाद्याने हात वर केले तर त्याला कायमचं बांधून ठेवा असं मी म्हणणार नाही. पैसे त्याचे असतात. पण क्लबमध्ये फक्त पैसेच गुंतलेले असतात का, हा माझा प्रश्न आहे. आणि मालक निघून गेल्यावर जे उरतं त्याचं काय करायचं, हे ठरवण्याचा अधिकार कुणाला असावा, हा त्याच्या पुढचा.

काय उरतं ते सांगतो.

बालेवाडीचं मैदान तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं संकुल, मुंबई-बंगळूर महामार्गाला लागून. गावातून निघायचं म्हटलं तर संध्याकाळच्या गर्दीत विद्यापीठ चौक ओलांडून बाणेर रस्त्याने तास-दीड तास. सामना रात्री आठला, संपायला दहा. त्यानंतर पीएमपीची बस मिळणं कठीण. रिक्षावाले तिथून स्वारगेट म्हटल्यावर मान हलवायचे. मैदान आणि प्रेक्षकांच्या मध्ये धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे पलीकडच्या गोलसमोर काय चाललंय हे अर्धं डोळ्यांना आणि अर्धं तिकडच्या आरड्यावरून कळायचं. एवढ्या सगळ्यातूनही माणसं यायची. हिंजवडीतून ऑफिस सुटल्यावर थेट गळ्यात ओळखपत्र घालून येणारे, कॉलेजची पोरं, खडकीहून सहकुटुंब येणारे जुने खेळाडू. पुण्यात शिकायला आलेली मणिपूर-मिझोरामची मुलं तर हक्काने यायची आणि आपल्या गावच्या खेळाडूने पुण्याविरुद्ध गोल केला तरी टाळ्या वाजवून मग आमच्याबरोबर ‘पुणे, पुणे’ ओरडायची. एफसी पुणे सिटीच्या वेळी ‘ऑरेंज आर्मी’ म्हणून पाठीराख्यांचा गट उभा राहिला. ढोल होते, ताशे होते. पुण्यात ढोल वाजवणाऱ्यांची कधीच वानवा नव्हती, पण फुटबॉलचा ठेका वेगळा. गणपतीतला हात तिथे चालत नाही, चेंडू कुठे आहे ते पाहून वाजवावं लागतं.

बॅनर आम्ही स्वतः रंगवायचो. रविवार पेठेतून मांजरपाटाचं कापड आणायचं, गच्चीवर चारी कोपऱ्यांना विटा ठेवून ताणायचं, आधी खडूने अक्षरं आखून घ्यायची आणि मग नारिंगी रंगाचा डबा उघडायचा. एकदा पाऊस आला आणि ओला रंग वाचवायला आमच्यातल्या एकाच्या आईने घरातल्या सगळ्या चादरी वर धरल्या. त्या माउलीने आयुष्यात एकही सामना पाहिलेला नव्हता. पण शनिवारी निकाल काय लागला हे ती न चुकता विचारायची.

७ मार्च २०१८ ची संध्याकाळ मला आजही क्षणाक्षणाने आठवते. त्या हंगामात रांको पोपोविच यांच्या हाताखाली संघ चौथा आला होता आणि पुण्याने पहिल्यांदाच उपांत्य फेरी गाठली होती. समोर गुणतक्त्यात पहिला आलेला बंगळूर. मार्सेलिन्यो आणि एमिलियानो आल्फारो पुढे, मागे गोलमध्ये विशाल कैथ, डाव्या बाजूला विशीतला आशिक कुरुनियन. सामना ०-० सुटला. गोल झाला नाही म्हणून त्या रात्री कुणी नाराज नव्हतं. बंगळूरला आपण घरी रोखलं याचंच कौतुक. शिट्टी झाल्यावरही अर्धा तास कुणी उठेना. माझ्या शेजारी एक गृहस्थ आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन उभे होते, आणि ती एकेका खेळाडूला नावाने हाक मारून हात हलवत होती. तिला सगळे नंबर पाठ होते. चार दिवसांनी बंगळूरमध्ये सुनील छेत्रीने तीन गोल केले, जोनाथन लुक्काच्या फ्री किकवर आपला एक झाला, आणि ३-१ ने सगळं संपलं. ‘पुढच्या वर्षी’ असं म्हणत सगळे घरी गेले. पुढच्या वर्षी संघ सातवा आला. त्याच्या पुढच्या वर्षी संघच नव्हता.

खेळाडूंना दुसरे क्लब मिळाले आणि ते योग्यच झालं, ती त्यांची रोजीरोटी. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यात हैदराबादने केरळ ब्लास्टर्सला टायब्रेकरमध्ये हरवून करंडक उचलला. पुण्यातून गेलेला निखिल पुजारी त्या संघात होता. मी तो सामना टीव्हीवर पाहिला, आणि हैदराबादच्या लोकांसाठी मनापासून आनंद झाला. आता त्यांच्याकडेही तो आनंद साजरा करायला संघ उरलेला नाही. म्हणजे आपल्याकडे देशाचा विजेता संघ तीन-साडेतीन वर्षांत शहरातून नाहीसा होऊ शकतो, आणि तो ज्यांचा होता त्यांच्याकडे दाद मागायला एक खिडकीही नाही.

महोदय, तुमच्याकडे क्लब परवान्याची पद्धत आहे. आशियाई महासंघाच्या निकषांवर ती बेतलेली आहे. मैदान कसं असावं, युवा संघ किती असावेत, प्रशिक्षकाची पात्रता काय, हिशेब तपासलेले आहेत की नाहीत, कायदेशीर कागदपत्रं पूर्ण आहेत की नाहीत, हे सगळं त्यात पाहिलं जातं. मैदानातल्या दिव्यांच्या प्रकाशापर्यंत सगळ्याची मोजदाद होते. पाठीराख्यांचा मात्र त्यात खऱ्या अर्थाने विचार नाही. युरोपात २०१२-१३ पासून परवाना हवा असेल तर क्लबला पाठीराख्यांशी बोलणारा अधिकारी नेमावाच लागतो. इंग्लंडमध्ये जुलै २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभाराचा स्वतंत्र कायदा झाला आणि क्लबचं बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर पाठीराख्यांचा कौल घेणं बंधनकारक झालं. तो देश फुटबॉलच्या बाबतीत आपल्यापेक्षा दीडशे वर्षं पुढे आहे असं म्हणून हा मुद्दा बाजूला सारू नका. त्यांनी तो कायदा केला कारण त्यांचेही क्लब असेच हातातून गेले. २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला, सार्वजनिक मैदानावर निवड चाचणी घेऊन खेळाडू गोळा केले आणि नवव्या स्तरापासून सुरुवात केली. २०११ मध्ये ते पुन्हा व्यावसायिक लीगमध्ये पोचले.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर घडलंय. २०२० मध्ये १८८९ सालच्या मोहन बागानला सुपर लीगमधल्या एटीके या क्लबशी जोडलं आणि त्याच्या नावापुढे एटीके ही अक्षरं लागली. कोलकात्याच्या पाठीराख्यांनी तीन वर्षं ती मान्य केली नाहीत. स्टेडियममध्ये फलक लावले, निदर्शनं केली, संघ जिंकत असतानाही केली. २०२३ मध्ये लीगचा करंडक जिंकल्यावर मालकांनी स्वतः जाहीर केलं की ती अक्षरं जाणार. गेली. पाठीराख्यांचं ऐकल्याने मालकांचं काही बिघडलं का? उलट त्यानंतरच्या दोन हंगामांत तो क्लब लीगमध्ये पहिला आला.

पण प्रत्येक शहराकडे सव्वाशे वर्षांची पुण्याई नसते. आमच्यासारख्यांना लेखी नियमच हवा. क्लबला लीगमध्ये घेताना जो करार होतो, त्यात त्याचं शहर, नाव, बोधचिन्ह आणि रंग नोंदवलेले असावेत, आणि त्यातलं काहीही बदलायचं किंवा क्लब बंद करायचा तर एक पूर्ण हंगाम आधी जाहीर सूचना द्यावी लागावी. ऑगस्टमध्ये कळवून सप्टेंबरात संघ गायब, असं होता कामा नये. एक हंगाम मिळाला तर दुसरा मालक शोधता येतो, शहरातल्या उद्योजकांकडे जाता येतं, पालिकेकडे जाता येतं, लोकवर्गणी करता येते. या मुदतीत नोंदणीकृत पाठीराखा संस्थेला क्लब किंवा किमान त्याचं नाव आणि चिन्ह घेण्याची पहिली संधी असावी. कुणीच पुढे आलं नाही तर नाव, चिन्ह, सामन्यांच्या नोंदी, फोटो, चित्रफिती हे सगळं जिल्हा संघटनेच्या ताब्यात द्यावं. आज तुम्ही पुणे एफसीच्या उपविजेतेपदाच्या हंगामातल्या एखाद्या सामन्याची चित्रफीत शोधून पाहा. क्लब गेला की त्याची वेबसाइट जाते, पेज थंड पडतं, आणि दहा वर्षांत असा संघ होता हे सांगायला आमच्या कपाटातल्या जर्सीशिवाय पुरावा राहत नाही.

अनामत रकमेचा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. लीगमध्ये येतानाच मालकाने एवढी रक्कम वेगळी ठेवावी, की उद्या क्लब बंद झाला तर खेळाडूंचे, कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार त्यातून निघतील आणि युवा संघ चालू वर्ष पुरं करतील. मोठ्या खेळाडूंना एजंट असतात. पंधरा वर्षांच्या मुलाला कोण असतं? नगर, सातारा, सांगलीकडून ही मुलं पुण्यात येतात, शाळा बदलतात. आईवडील गावाकडे पोटाला चिमटा घेऊन बुटांचे पैसे पाठवतात. वरिष्ठ संघ बंद झाल्याची बातमी होते. अकरावीतला मुलगा बॅग भरून एसटीने गावी परत जातो, त्याची होत नाही. मी अशा मुलांना शिवाजीनगरच्या स्टँडवर सोडायला गेलो आहे आणि त्यांच्याशी काय बोलावं हे मला सुचलेलं नाही.

तुम्ही विचाराल, पाठीराख्यांच्या हाती क्लबचं नाव दिलं तर ते सांभाळतील का? चार दिवसांचा उत्साह असतो, नंतर कोण वर्गणी भरतं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे.

हिवाळ्यात एकदा कोल्हापूरला या. कळवलंत तर मी स्वतः स्टेशनवर घ्यायला येईन. शाहू स्टेडियममध्ये दुपारी चारचा सामना पाहू. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या वरिष्ठ गटाच्या लीगमध्ये सोळा संघ खेळतात. त्यांची नावं वाचा : पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, प्रॅक्टिस क्लब. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. शाहू महाराजांच्या काळापासूनच्या या तालमींनी लाल मातीच्या जोडीने फुटबॉल उचलला आणि पेठेच्या घराघरांत नेऊन पोचवला. पाटाकडील आणि शिवाजी यांचा सामना असला की पेठांमधली दुकानं लवकर बंद होतात. विश्वचषकाच्या वेळी गल्लीगल्लीत मेस्सी-नेमार-रोनाल्डोचे कटआउट लागतात, ते पाहायला बाहेरगावची माणसं येतात. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर होतं. विश्वचषक संपला, कटआउट उतरले की तीच माणसं आपापल्या तालमीचा सामना पाहायला त्याच पायऱ्यांवर येऊन बसतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा.

तिथे एकदा माझ्या शेजारी डोक्याला मफलर गुंडाळून एक आजोबा बसले होते. मी पुण्याहून आलोय कळल्यावर त्यांनी विचारलं, ‘तुमची टीम कुठली?’ मी म्हटलं, होती, बंद झाली. त्यांना ते कळेचना. ‘बंद म्हंजे? माणसं मेली काय सगळी?’ मग मैदानाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘माझा बा हितं खेळला, मी खेळलो, आता नातू खेळतोय. तालीम कुठं जातीया?’

तालीम कुठेही जात नाही, कारण ती कुणा एकाच्या मालकीची नाही. पैसे कमी पडले तर पेठ वर्गणी काढते, कुणी व्यापारी जर्सी देतो, कुणी परदेशी खेळाडूचा खर्च उचलतो. पुढच्या वर्षी त्याने नाही दिले तर दुसरा देतो. संघ खालच्या गटात घसरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा वर यायला धडपडतो. या व्यवस्थेत दोष आहेत. ईर्ष्येपायी हाणामाऱ्या झाल्या आहेत, दगडफेक झाली आहे, आणि त्याचं मी समर्थन करणार नाही. त्यासाठी संघटनेने कडक व्हायलाच हवं. तरीही टिकून राहण्याच्या बाबतीत कोल्हापूरच्या तालमींकडून देशातल्या सगळ्यात श्रीमंत लीगने शिकावं अशी परिस्थिती आहे.

पुण्याचंही तेच. १८९३-९४ पासूनची सार्वजनिक गणेश मंडळं इथे आजही चालू आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, वार्षिक सभा, लेखापरीक्षण, वर्गणीचं पावतीपुस्तक, हे सगळं इथल्या गल्लीतल्या पोराला येतं. १९०६ ची डेक्कन जिमखाना ही क्रीडा संस्था सभासदांच्या जोरावर शंभरी ओलांडून उभी आहे. संस्था चालवणं या शहराच्या अंगवळणी पडलेलं आहे. आम्हाला फक्त आत येण्यासाठी दार हवंय. तुमच्या नव्या घटनेने माजी खेळाडूंना महासंघाच्या कारभारात जागा दिली, ते फार चांगलं झालं. आता पाठीराख्यांच्या नोंदणीकृत संस्थांनाही किमान निमंत्रित म्हणून बोलवा. क्लबच्या संचालक मंडळावर एक पाठीराखा बसवणं तर मालकांच्याही फायद्याचं आहे. बालेवाडीहून रात्री दहाला माणसं घरी कशी जाणार, हे त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं.

पदावनतीबद्दलही स्पष्ट बोलतो. २०१९ मध्ये तुम्ही आशियाई महासंघाबरोबर जो आराखडा ठरवला, त्यात खालून वर येण्याची आणि वरून खाली जाण्याची दोन्ही दारं उघडायची होती. वर येण्याचं दार उघडलं. पंजाब एफसी आला, मोहमेडन स्पोर्टिंग आला. खाली जाण्याचं दार २०२४-२५ पर्यंत तरी बंदच राहिलं. मालकांना पदावनतीची भीती वाटते हे समजू शकतो. पण माझा संघ दुसऱ्या स्तरावर खेळत असता, तिसऱ्या स्तरावर खेळत असता, तरी मी गेलो असतो. बालेवाडीऐवजी ढोबरवाडीला गेलो असतो. गोव्याचा डेम्पो पाहा. पाच वेळा देशाचा विजेता, २०१६ च्या सुमारास राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला, गोव्याच्या लीगमध्ये खेळत राहिला आणि खालच्या स्तरातून चढून २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. नाव तेच, माणसं तीच. खर्च झेपत नसेल तर क्लबला खाली उतरून जिवंत राहता आलं पाहिजे. आज त्याच्यापुढे वरच्या लीगमधली जागा किंवा कायमचं टाळं असे दोनच रस्ते असतात, आणि ही व्यवस्था तुम्हीच बदलू शकता.

२०२५ च्या जुलैमध्ये सुपर लीगचा हंगाम लांबणीवर पडला, महासंघाचा व्यावसायिक करार डिसेंबरात संपला, निविदेला कुणी पुढे आलं नाही, तेव्हा मुंबईचे माझे मित्र रोज फोन करून विचारायचे, ‘आमचंही तुमच्यासारखंच होणार का?’ मुंबई सिटीचे हे पाठीराखे. त्यांच्या क्लबने २०२०-२१ मध्ये लीग (गुणतक्त्यातलं पहिलं स्थान) आणि करंडक (अंतिम सामना) दोन्ही जिंकलं, २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला, २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ ने हरवून पुन्हा करंडक आणला. एवढं सगळं जिंकलेल्या क्लबच्या पोरांनी पुण्याच्या आमच्यासारख्यांकडे धीर मागावा? मला त्यांना देता आला नाही. नियमांच्या पुस्तकात त्यांच्या बाजूने एक ओळ असती तर देता आला असता.

आता जे कुणी पुण्यात नवा क्लब काढायला येतील त्यांच्याशी दोन शब्द. जरूर या, शहर मोकळं आहे आणि माणसं वाट बघतायत. पण मोठ्या नावाचा परदेशी खेळाडू आणण्याआधी जिल्हा लीगमधल्या क्लबांना जाऊन भेटा. फ्रान्सचा विश्वविजेता त्रेझेगे इथे खेळून गेला, आम्ही त्याला डोळे भरून पाहिलं, आणि तो गेल्यावर मागे काही राहिलं नाही. गावातली चार मुलं संघात असली तर चार गल्ल्या आपोआप स्टेडियममध्ये येतात. जाहिराती मराठीतही करा. सामना सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी पाचला ठेवता आला तर ठेवा, म्हणजे मुलं येतील. आणि पहिल्याच दिवशी लेखी द्या की आपण निघालो तर नाव इथेच राहील. एवढं एक वाक्य दिलंत तर हंगामी तिकिटासाठी रांगेत पहिले आम्ही उभे राहू, पहिल्या वर्षी सगळे सामने हरलात तरी.

महासंघाला माझी विनंती अगदी नेमकी आहे. परवान्याच्या नियमांची पुढची फेरतपासणी कराल, तेव्हा पाठीराख्यांचं स्वतंत्र कलम त्यात घाला, आणि मसुदा जाहीर करून हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत द्या. पुणे, हैदराबाद, मुंबई, गोवा, भुवनेश्वर, कोलकाता इथल्या पाठीराख्यांना एकत्र बोलवा. दिल्लीला यायचं भाडं आमचं आम्ही काढू. पुण्यासाठी कुणाचा अर्ज आधीच तुमच्या टेबलावर आला असेल, तर त्यावर सही करण्याआधी आम्हाला तारीख कळवा. आमच्या संस्थेची घटना, सभासदांची यादी आणि तीन वर्षांच्या वर्गणीचं हमीपत्र घेऊन आम्ही त्या दिवशी हजर राहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पुण्याचा एक फुटबॉल पाठीराखा